दम देणें आणि दम राखणें

सायंकाळीं आमच्या गांवांतील शाळांच्या पटांगणांवर मुलें कबड्डी खेळतात. आपले वडील याच खेळास हुतूतू म्हणत. खेळ शिकविण्याचें काम बहुधा एखाद्या तरुण शिक्षकाकडे येतें, आणि पहिल्याच आठवड्यांत त्याच्यापुढें प्रश्न उभा राहतो कीं, या मुलांस शिस्त लावावी कशी?

धाक हा उपाय सर्वांत सोपा दिसतो. शिक्षकानें डोळे वटारले कीं रांग सरळ होते, आणि पाहणारा म्हणतो, ‘काय ही शिस्त!’ परंतु शिक्षक पाणी पिण्यास गेला म्हणजे त्या रांगेचें काय होतें? जी शिस्त शिक्षकाच्या पाठोपाठ निघून जाते ती मुलांची नव्हे, ती छडीची होय. शिवाय शाळेंत मुलांस मारणें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें निषिद्धच केलें आहे.

याचें उत्तर कबड्डीच देते. चढाई करणाऱ्या गड्यानें एकाच श्वासांत ‘कबड्डी, कबड्डी’ असा उच्चार अखंड ठेवावयाचा असतो. प्रतिपक्षाच्या अंगणांत दम तुटला तर तो बाद. पंच कान देऊन असतो खरा, पण गलक्यांत त्यास सर्वच ऐकूं येतें असें नाहीं. दम तुटल्याचें प्रथम कळतें तें त्या मुलाच्या छातीस. मराठींत दम देणें म्हणजे धमकावणें, दम राखणें म्हणजे श्वास सांभाळणें. आणि शम-दम म्हणतात तेथें दम म्हणजे आत्मसंयमन. पहिल्यापासून मुलास शेवटच्यापर्यंत नेणें, हेंच शिक्षकाचें काम होय.

कोणी म्हणेल, ‘अशानें सामना हरूं.’ होय, कधीं हरूंही. १९८० च्या फेब्रुवारींत मुंबईस वानखेडे मैदानावर भारत व इंग्लंड यांचा कसोटी सामना झाला. इंग्लंडचे पांच गडी ५८ धावांत बाद झाले असतां पंचांनीं बॉब टेलर यांस झेलबाद ठरविलें. चेंडू बॅटीस लागला नाहीं असें वाटल्यावरून भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनीं त्यांस परत बोलाविलें. पुढें टेलर व बोथम यांनीं १७१ धावांची भागीदारी केली, आणि भारत दहा गड्यांनीं हरला. पंचांचा निर्णय हातीं असतां विश्वनाथ यांस गप्प राहतां आलें असतें. ते राहिले नाहींत, म्हणून त्या पराभवाचें स्मरण आजही आदरानें होतें.

तर मग शिक्षकानें नियम सैल सोडावे काय? मुळींच नाहीं. उशिरा येणाऱ्यास एक डाव बाहेर बसवावें. मात्र उत्तम खेळाडूस व दुबळ्यास नियम एकच असावा. स्वतः सर्वांच्या आधीं मैदानावर यावें. पंच म्हणून आपली चूक झाली तर ती सर्वांदेखत कबूल करावी.

आणि खरी परीक्षा पुढेंच आहे. अटीतटीच्या सामन्यांत एखादा मुलगा हात वर करून म्हणेल, ‘गुरुजी, माझा दम तुटला होता,’ आणि त्या एका गुणानें संघ हरेल. त्या क्षणीं सगळीं मुलें त्याच्याकडे पाहणार नाहींत, तीं गुरुजींच्या मुद्रेकडे पाहतील. तेथें जर त्यांस कपाळावर आठी दिसली, तर वर्षभर शिकविलेलें सर्व त्या आठींत बुडालें असें समजावें.