नाव चुकलं तर देवाला पोचतं का?

अंबड-घनसावंगीकडे मी बोर्ड रंगवतो. दुकानांचं काम बरंचसं फ्लेक्सवाल्यांकडे गेलं. भजनी मंडळांच्या पेट्या, पखवाजाची खोकी आणि दिंडीचे फलक मात्र अजून माझ्याकडे येतात. या कामात एक प्रश्न सारखा समोर येतो, आणि शुद्धलेखनाच्या पुस्तकात त्याचं उत्तर नाही. संताचं नाव चुकीचं घेतलं किंवा लिहिलं, तर ते त्याला पोचतं का?

मंडळाच्या नावात अडचण पहिल्याच अक्षराला येते. 'श्री संत' लिहिताना लोक श्रीपुढे टिंब मागतात. ते टिंब 'श्रीयुत'चं आहे. देवासंतांच्या आधीचा श्री पुरा शब्द आहे, त्याला टिंब नको. बुवांच्या 'ह.भ.प.'ला मात्र तीन हवीत. 'माउली'तला उकार १९६२च्या नियमांप्रमाणे ऱ्हस्व, पण फलकांवर तो सर्रास दीर्घ दिसतो. आणि 'ज्ञानोबा-तुकाराम'? एक तेराव्या शतकातले, दुसरे सतराव्या. मध्ये आडवी रेघ द्यावी, जागा सोडावी, की दोघांना जोडून टाकावं? गजरात वारकरी तिथे श्वासही घेत नाही. जुन्या पोथ्यांत दंडापलीकडे फारशी चिन्हं नव्हतीच. स्वल्पविराम, उद्गारचिन्ह हे एकोणिसाव्या शतकात छापील मराठीबरोबर आलं, मेजर थॉमस कँडींच्या काळात.

आपल्या परंपरेनं या प्रश्नाला दोन उलट उत्तरं दिली आहेत. पतंजलींच्या महाभाष्यात 'इंद्रशत्रु' शब्दाचा दाखला येतो. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा पुत्र हवा होता. यज्ञात शब्द बरोबर उच्चारला गेला, फक्त स्वराघात चुकला. तेवढ्यानं अर्थ फिरला आणि इंद्राच्याच हातून मरणारा वृत्र जन्माला आला. दुसरीकडे वाल्या कोळ्याची गोष्ट. त्यानं 'मरा मरा' म्हटलं, अक्षरं उलटी लावली, तरी तो वाल्मीकी झाला. लहानपणी दोन्ही ऐकल्या, आणि दोन्ही खऱ्या कशा, हे कोणी सांगितलं नाही.

मला वाट दाखवली ती आमच्याच जिल्ह्यातल्या माणसानं. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत १६०८ साली नारायण सूर्याजीपंत ठोसर जन्मले, तेच पुढे समर्थ रामदास झाले. टाकळीला त्यांनी बारा वर्षं तेरा अक्षरी राममंत्राचा जप केला, तेरा कोटी, अशी परंपरा सांगते. एवढ्या जपात एखादं अक्षर जिभेखाली गेलं नसेल असं मला वाटत नाही. नामस्मरणाला त्यांनी दासबोधात एक अख्खा समास दिला, आणि नाम घेणाऱ्यासाठी जातपात, लहानथोर काही ठेवलं नाही. पण त्याच दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं हवं. काने, मात्रा, वेलांट्या नीट हव्यात. ग्रंथाचं पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर एकाच टाकानं काढल्यासारखं वाटावं. नाम घेणाऱ्याला सारं मोकळं सोडणारा हाच माणूस लिहिणाऱ्याला इतकं बांधून घालतो.

यावर विचार करकरून माझं मत पक्कं झालं. नाम घेताना जीभ चुकते तेव्हा मन त्या देवाकडेच लागलेलं असतं, म्हणून ते नाम पोचतं. लिहिणाऱ्याला मात्र थांबायला वेळ असतो, आणि त्याची चूक त्याच्यापुरती राहत नाही. पुढची पोरं ती फलकावरून वाचतात आणि तेच खरं धरतात.

आमच्या गावाकडच्या एका मंडळानं मला पखवाजाच्या खोक्यावर 'ग्यानबा-तुकाराम' लिहायला सांगितलं. मी म्हटलं, आबा, 'ज्ञानोबा' लिहितो की. वीणेकरी आबा म्हणाले, "पेंटर, माझा बाप ग्यानबा म्हणायचा, मीबी तेच म्हणतो. आमच्या मंडळाचं नाव तेच हाय." मी तसंच लिहिलं, आणि मनापासून लिहिलं. ते नाव जाणून धरलेलं होतं. परदेशातल्या वाद्यवृंदांनाही हा हक्क आहे. कॅनडातल्या 'गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर'नं उद्गारचिन्ह नावाच्या शेवटून उचलून मध्ये आणून ठेवलं. अमेरिकेतल्या एका बँडचं नाव म्हणजे नुसती तीन उद्गारचिन्हं, आणि ती 'च्क च्क च्क' अशी वाचतात. प्रिन्स या गायकानं १९९३ साली उच्चारच नसलेलं चिन्ह नाव म्हणून घेतलं. ऐकायला विचित्र वाटेल, पण यातलं एकही चिन्ह हलगर्जीनं पडलेलं नाही. ज्याचं नाव, त्यानं ते ठरवलं. रंगवणाऱ्यानं त्याचा मान राखावा.

हलगर्जीपणा आहे तो घाईत टाईप केलेल्या फ्लेक्सवर. तिथे श्रीला टिंब पडतं, माउलीचा उकार वाढतो, आणि कोणी विचारतही नाही. तेव्हा मंडळांना माझी विनंती आहे. फलक छापायला द्यायच्या आधी मंडळातल्या सगळ्यात म्हाताऱ्या टाळकऱ्याला बोलवा आणि तो मजकूर त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. तो जिथे अडेल तिथे थांबा, नाव तसंच ठेवायचं का ते सगळ्यांनी बसून ठरवा, आणि मगच पैसे द्या.