म्हातारपणाचा परवाना

म्हातारा माणूस म्हटले की आपल्यासमोर उभे राहते ते बहुधा निवृत्त माणसाचे चित्र: सकाळचा फेरफटका, रक्तदाबाची गोळी, नातवंडे, महिन्याची पेन्शन. आपल्याला ते वयाचे वाटते, पण ते पगाराचे आहे. ज्याला नोकरीच नव्हती, तो निवृत्त कशातून होणार? उरण तालुक्यात करंजा-मोरा बंदरांवर मासळीच्या पाट्या उचलणाऱ्या कोळणीला, मिठागरात राबलेल्या आगऱ्याला, वाडीवरच्या कातकऱ्याला निवृत्तीची तारीख नसते.

सरकारी नियम शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. राज्य सरकारचा कारकून ५८व्या वर्षी निवृत्त होतो, त्याच कचेरीतला शिपाई ६०व्या. गरिबांसाठीची श्रावणबाळ पेन्शन योजना ६५व्या वर्षी दार उघडते, तेही कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर. जितके खाली उतरावे, तितके म्हातारपण पुढे सरकते. शरीराचा हिशेब मात्र उलटा. ऊन, खारे पाणी आणि डोईवरचे ओझे त्याला आधीच झिजवतात.

उरणमध्ये या हिशेबात जमिनीचीही भर पडली: नवी मुंबईसाठी इथल्या जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४मध्ये त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. १९८९मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. आज अशा प्रकल्पांत जमीन गेलेल्या प्रकल्पग्रस्ताला राज्य सेवेत शिरायला वयाची सवलत आहे, ती ४५पर्यंत. पुढची वीस वर्षे तो नोकरीसाठी म्हातारा आणि पेन्शनसाठी तरुण!

आपले शेरेही याच मापाने पडतात. पासष्टीचे साहेब ‘अजून तरुण दिसतात’. पन्नाशीचा हमाल ‘म्हातारा’ होतो. सत्तरीत पाटी उचलणारीला आपण ‘काय काटक बाई!’ म्हणतो. त्या कौतुकात तिला अजून पाटी का उचलावी लागते, हा प्रश्न विरून जातो.

म्हणून वय मोजताना जन्मतारखेसोबत काम कितव्या वर्षी सुरू झाले, तेही विचारावे. तेविसाव्या वर्षी नोकरीला लागलेल्या कारकुनाची अठ्ठावन्नला पस्तीस वर्षे भरतात. दहाव्या वर्षी कामाला जुंपलेल्या माणसाची तेवढी पंचेचाळीसलाच भरलेली असतात.