बुरूज बांधण्याआधी

शास्त्रपाठ : लूक १४:२५-३३



बुरूज बांधू पाहणाऱ्याने अगोदर बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशूने सांगितले. तो शिष्यत्वाच्या किमतीविषयी बोलत होता, हे आपण विसरू नये. तरी उदाहरण त्याने घेतले ते बांधकामाचे आणि पैशाचे. हिशेब करणे म्हणजे अविश्वास, असे त्याने कोठेच म्हटले नाही.

काही वर्षांपूर्वी बेळगावातील एका फाउंड्रीत काम करणारे आमच्या मंडळीतील एक बंधू मुलाच्या मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या प्रवेशाविषयी विचारायला आले. आम्ही त्यांच्याबरोबर प्रार्थना केली आणि म्हणालो, "विश्वास ठेवा, देव पुरवील." कागद-पेन्सिल मात्र हाती घेतली नाही. तिसऱ्या वर्षी पैसा संपला. मुलगा पदवीविना घरी आला, कर्ज तेवढे राहिले. आता ते बंधू उपासनेत अगदी मागच्या बाकावर बसतात. दोष त्यांच्या विश्वासाचा नव्हता, आमच्या आळसाचा होता.

म्हणून आता आम्ही पालकांबरोबर बसतो. समजा, चार वर्षांच्या पदवीसाठी दरवर्षी एक लाख, असे चार लाखांचे कर्ज दहा टक्के सरळ व्याजाने काढले. शिक्षण संपल्यावर वर्षभराने हप्ते सुरू होणार, तोवर १,४०,००० रुपये व्याज चढते. मग ५,४०,००० रुपये त्याच दराने दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ७,१०० रुपये. पहिला पगार पंधरा हजार असेल, तर जवळजवळ अर्धा तेथेच गेला. घरभाडे, जेवण आणि धाकट्या बहिणीची फी उरलेल्या अर्ध्यातून.

दुसरी वाटही पाहावी. दहावीनंतर डिप्लोमा तीन वर्षांचा. तो झाल्यावर बी. ई. च्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. म्हणजे बारावी करून गेले काय किंवा डिप्लोमा करून गेले काय, पदवी दहावीनंतर सहाव्या वर्षीच हाती येते. पण डिप्लोमाच्या वाटेवर मध्ये एक विसावा आहे. घरची अडचण आली तर मुलगा तेथे थांबून कमावू शकतो, कारण त्याच्या हाती काहीतरी पुरे झालेले असते. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली उमेदवारी केली तर विद्यावेतनही मिळते.

मात्र हिशेब हे भीतीचे पांघरूण होऊ नये. एक तालांत जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासानेही आपल्या परीने धोका टाळलाच होता. डिझाइनच्या आणि वरच्या जागांना पुष्कळदा पदवी लागते. ज्या मुलाला गणित व यंत्रांची खरी ओढ आहे, त्याच्यासाठी घेतलेले कर्ज वाया गेले असे म्हणता येणार नाही. आणि मुलीची गोष्ट निघाली की आपला हिशेब बेरजेपूर्वीच नकारावर का थांबतो, हेही आपण स्वतःला विचारावे.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे. दहावीचा निकाल लागेल त्या आठवड्यात पेढे घेताना मुलाच्या घरी थोडा वेळ बसा. फी, वसतिगृह, व्याज, पहिला पगार, सारे एका कागदावर मांडा. मग त्या कागदावर हात ठेवून प्रार्थना करा. आम्ही प्रार्थना केली होती, कागद तेवढा राहिला होता.

प्रभू आपणांस सुज्ञता देवो, आणि सुरू केलेले पुरे करण्याचे बळही देवो. आमेन.