भिजलेल्या यंत्राविषयीं कांहीं विचार

वस्तूंशीं वागण्याची कांहीं नीति आहे काय, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाहीं. मनुष्याशीं, जनावराशीं, फार तर झाडाशीं कसें वागावें याविषयीं शास्त्रांनीं व लोकरूढीनें पुष्कळ सांगून ठेविलें आहे; परंतु खिशांतला मोबाइल पाण्यांत पडला असतां मनुष्याचें कर्तव्य काय, हा विषय बहुतेकांस हास्यास्पदच वाटेल. मला तो तसा वाटत नाहीं. आणि कां, हें सांगण्यास वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यांतलें रोहणा हें गांव मला सोयीचें वाटतें.

पुलगांव-आर्वी वाटेवरचा हा मुलूख कपाशी, तूर व सोयाबीन यांचा. जमीन काळी, चिकण. पावसाची झड लागली कीं बांधावर पाय ठरत नाहीं. अशा जागीं फोन घेऊन जाऊं नये, असें शहाणा मनुष्य म्हणेल. परंतु १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि आपल्या शेतांत कोणतें पीक उभें आहे याची नोंद शेतकऱ्यानें स्वतः तेथें जाऊन, पिकाचें छायाचित्र घेऊन, फोनवरून करावी असें ठरलें. पीक विम्याचेंही तसेंच. २०२३ व २०२४ च्या खरिपांत एका रुपयांत विमा मिळत असे, तेव्हां शेत पाण्याखालीं गेलें तर ७२ तासांच्या आंत सूचना द्यावी लागे, आणि ती देण्याचा जवळचा मार्ग फोन हाच होता. म्हणजे ज्या पावसानें पीक बुडावें त्याच पावसांत फोन बाहेर काढावा, आणि तो भिजला तर पिकाची साक्ष देणाराही पिकाबरोबरच बुडावा!

पाणी अशा यंत्राचें काय करतें हें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण पुढचा नीतीचा विचार त्यावरच उभा आहे. शुद्ध पाण्यांतून वीज फारच थोडी वाहते. घात करतात ते पाण्यांत विरघळलेले क्षार, आणि शेतांतल्या पाण्यांत माती व खत यांमुळें ते भरपूर असतात. यंत्राच्या पोटांत तांब्याच्या अत्यंत बारीक रेषा एकमेकींस खेटून असतात. बॅटरीचा प्रवाह चालू असतां त्यांमध्यें हें खारें पाणी आलें कीं एका रेषेचा धातु झिजून दुसरीवर चढूं लागतो, आणि जेथें नको तेथें विजेस वाट होते. म्हणून यंत्र केवळ भिजल्यानें मरतें असें नव्हे. भिजलेलें असतां तें चालू ठेवल्यानें, 'लागतो का पाहूं' म्हणून पुनःपुन्हा कळ दाबल्यानें, किंवा घाईनें चार्जिंगला लावल्यानें बहुधा मरतें. पूर्वीच्या फोनाची बॅटरी नखानें काढतां येई. आतां ती आंत चिकटविलेली असते, त्यामुळें फोन तत्काळ बंद करणें एवढेंच मालकाच्या हातीं उरतें. मग सिमचा खण काढावा, कपड्यानें टिपावें, छिद्रें खालीं करून पंख्याच्या वाऱ्यांत ठेवावा. चुलीजवळ मात्र नेऊं नये. उष्णतेनें आंतला चिकट पदार्थ सुटतो व बॅटरीस धोका होतो. बॅटरी फुगलेली दिसली तर फोनाचा मोहच सोडावा. खरी दुरुस्ती याच्या पुढची. कारागीर यंत्र उघडतो, आंतली पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलनें धुतो, साठलेले क्षार ब्रशानें काढतो. पाणी वाळलें तरी क्षार मागें राहतात, आणि हवेंतली ओल ओढून आपलें काम चालूच ठेवतात. वाळलेला फोन बरा झाला असें समजणें म्हणूनच चुकीचें आहे.

येथें तांदळाच्या डब्याचा उल्लेख केल्यावांचून गत्यंतर नाहीं. रोहणा कांहीं भाताचा मुलूख नव्हे; तो भंडारा-गोंदियाकडला. तरी फोन भिजला कीं तेथेंही डबा निघावयाचाच. तांदळाचे बारीक कण आंत शिरून अपाय करतील, सबब तसें करूं नये, असें २०२४ सालीं ॲपल कंपनीनेंच आपल्या ग्राहकांस सांगितलें. पण घरगुती उपायांवरील श्रद्धा कंपनीच्या सांगण्यानें ढळत नसते. या उपायाचा एक गुण मात्र मला मान्य आहे. फोन डब्यांत पुरला असतां दोन दिवस कोणी कळ दाबीत नाहीं! पुष्कळ व्रतांचें असेंच असतें. गुण येतो तो लंघनानें, आणि श्रेय जातें नैवेद्याला.

आतां खरा प्रश्न. फोन वाळला, चालूं लागला, आणि मालकास तो विकावयाचा आहे. तो महिनाभर टिकेल कीं वर्षभर, हें कोणासच सांगतां येत नाहीं. 'हा भिजला होता' असें घेणाऱ्यास सांगावें काय? व्यवहारी मनुष्य म्हणेल, चालू वस्तु चालू म्हणून विकली, यांत असत्य कोणतें? असत्य हें कीं घेणारा आजच्या चालण्याची किंमत देत नाहीं, उद्यांच्या चालण्याची देतो. आणि त्या उद्यांविषयीं विकणाऱ्यास जें ठाऊक आहे तें त्यास नाहीं. मारकी गाय गरीब म्हणून विकण्याचा प्रकार गुरांच्या बाजारांत जुनाच आहे, परंतु जुना म्हणून तो निर्दोष ठरत नाहीं. तरीही विकणाऱ्यावर रागावतांना मला संकोच वाटतो. खरें बोलल्यास त्याच्या पदरीं निम्मीही किंमत पडणार नाहीं; न बोलल्यास तेंच नुकसान त्याच्याहूनही गरीब अशा घेणाऱ्याच्या माथीं बसेल, कारण जुना फोन श्रीमंत घेत नाहीं. खालीं खालीं सरकत जाणारा हा तोटा मुळांत कोणाचा?

तो बऱ्याच अंशीं करणाऱ्याचा आहे, असें माझें मत आहे. जाहिरातींत फोन पाण्यांत बुडवून दाखवावयाचा, आणि हमीपत्रांत पाण्यानें झालेली हानि वगळावयाची, ही रीत कितीही कायदेशीर असली तरी सरळ नव्हे. कित्येक फोनांत पाणी लागतांच लाल होणारी एक लहानशी खूण असते. ती ग्राहकाच्या उपयोगाची कमी, त्याची मागणी नाकारण्याच्या उपयोगाची अधिक. इटलीच्या स्पर्धा-नियामक संस्थेनें नोव्हेंबर २०२० मध्यें अशाच जाहिरातींवरून ॲपलला १ कोटि युरो दंड केला, आणि जून २०२२ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयानें सॅमसंगला १ कोटि ४० लाख डॉलर भरावयास लाविले. आपल्या ग्राहक व्यवहार खात्यानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काविषयीं समिति नेमली, हें योग्यच झालें. ज्या वर्ध्यांत १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ उभा राहिला, त्या जिल्ह्यांतल्या माणसास स्वतःच्या वस्तूचें पोट उघडण्याची मोकळीक मागावी लागते, ही विचित्र गोष्ट आहे. गांधीजींनीं यंत्रांवर पुष्कळ टीका केली, पण सिंगरच्या शिवणयंत्राचें कौतुक केलें. आणि तें यंत्र गांवच्या कारागिरास खोलतां येण्यासारखें होतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

राहिला तो कारागीर. त्याच्याशीं लोक जसें वागतात तसें वैद्याशींही वागत नाहींत. फोन चिखलांत पडला, चहांत पडला, शौचकूपांत पडला, हें सांगण्याची लाज वाटून 'आपोआपच बंद पडला' असें सांगतात. मग तो भलतीकडेच दोष शोधीत बसतो, आणि तेवढ्यांत क्षार आपलें काम उरकतात. उद्यां फोन कायमचा निकामी झाला तर 'यानेंच बिघडविला' हा बोभाटाही त्याच्याच नांवानें. उलट त्याच्या हातांत आपलीं पत्रें, बँकेचे व्यवहार, घरच्या बायकामुलांचीं छायाचित्रें असतात. आणि त्यांपैकीं कांहींही न पाहतां तो फोन परत देतो, या साध्या सभ्यतेचें मूल्य आपण कधीं मोजीत नाहीं. त्यानेंही आपल्या बाजूनें 'बरा होईलच' असें वचन देऊं नये. धुतल्यावर काय होईल तें धुतल्यावरच कळतें.

या सर्व घोळांत रोहण्याच्या शेतकऱ्याची मुदत मात्र थांबत नाहीं. ई-पीक पाहणींत एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करण्याची सोय ठेवलेली आहे. तेव्हां शेजाऱ्याचा कोरडा फोन मागून घ्यावा, पाऊस उघडतांच त्याच्यासह बांधावर जाऊन पिकाचें छायाचित्र काढावें, आणि आपला फोन, कितीही हात शिवशिवले तरी, छिद्रें खालीं करून पंख्याखालीं तसाच पडूं द्यावा.