तंजावरचा शिपाई आणि मराठी कविता

तंजावरच्या बृहदीश्वराच्या प्राकारात, सरफोजी राजांच्या आज्ञेने बाबूराव चिटणिसांनी रचलेली भोसले घराण्याची जी प्रदीर्घ मराठी वंशकथा 1803 साली कोरली गेली, तिच्यात राजे आहेत, तह आहेत, वेढे आणि खंडण्या आहेत; परंतु ज्या बारगिरांनी आणि प्याद्यांनी ते वेढे घातले आणि सोसले, त्यांच्यापैकी कोणी तेथे नावानिशी भेटेल, अशी अपेक्षा वाचकही करीत नाही. हा दोष बाबूरावांचा नव्हे. सामान्य शिपाई हा इतिहासाचा किंवा काव्याचा विषय होऊ शकतो, ही कल्पनाच तेव्हा आपल्याकडे रुजलेली नव्हती.

पोवाड्याने ती रुजवली असती, असे सहज वाटते. पण 1795 च्या खर्ड्याच्या लढाईवरचे पोवाडे काढून पाहावेत: सरदारांची नामावळी खुलासेवार, पथके आणि निशाणे यांचे वर्णन डोळे दिपवणारे, आणि शिपाई मात्र उडालेल्या धुळीत कोठेतरी. बिदागी देणारा हात सरदाराचा, तेव्हा कवनातले नावही त्याचेच. शाहिराला यासाठी बोल लावण्यात अर्थ नाही. तमिळ लोककाव्याची रीतही फारशी निराळी नव्हती. साधा शिपाई म्हणून कंपनीच्या चाकरीत शिरलेल्या यूसुफखानावर ‘खानसाहेबाची लढाई’ हे कथागीत झाले खरे, पण त्यासाठी त्याला आधी मदुरेचा कारभारी व्हावे लागले आणि 1764 साली फाशी जावे लागले.

खुद्द कावेरीच्या मुखप्रदेशात लढाया थोड्या झाल्या नाहीत. फेब्रुवारी 1782 मध्ये कुंभकोणमजवळ अण्णागुडी येथे टिपूने कर्नल ब्रेथवेटच्या फौजेला कोंडून तिचा मोड केला. त्या फौजेत बहुतेक एतद्देशीय शिपाई होते, आणि आज इतिहासाला ठाऊक आहे तो कर्नल. पुढे 1799 च्या तहाने मुलखाचा अंमल कंपनीकडे गेला, राजाचा अधिकार किल्ल्यापुरता उरला, आणि लढणाऱ्या हातांना लढाईच राहिली नाही. त्यानंतर पट्टुकोट्टैजवळच्या समुद्रकाठी सरफोजींनी इंग्रजांच्या नेपोलियनवरील विजयाप्रीत्यर्थ मनोरा उभारला, तोही मराठी शिलालेखासह! ज्या युद्धाशी तंजावरच्या एकाही शिपायाचा संबंध नव्हता, त्याचे स्मारक तंजावरच्या किनाऱ्यावर व्हावे, यातला विपर्यास कोणाला तेव्हा बोचला असेल असे दिसत नाही.

मराठी फौजेबरोबर दक्षिणेत उतरलेल्या लावणीचे काय झाले, हे याहून अधिक विचार करण्याजोगे आहे. तंजावर भागातील गावांत मासी महिन्यात कामदहनाचा उत्सव होतो, आणि त्यात आजवर लावणी गाइली जाते, ती तमिळमध्ये. डफ आणि तुणतुणे घेऊन दोन पक्ष समोरासमोर बसतात. शंकराच्या तृतीय नेत्राने मदन जळाला, असे एक पक्ष प्रतिपादतो, जळालाच नाही असे दुसरा, आणि पुराणांतले दाखले व हजरजबाबी कोट्या यांच्या जोरावर रात्र रात्र हा वाद रंगतो. सवाल-जवाब टिकला, वाद्ये टिकली. तळावरचा शिपाई आणि त्याची वाट पाहणारी स्त्री यांना मात्र त्या गाण्यात जागा उरली नाही. याला ऱ्हास म्हणण्यास मी तयार नाही. चाकरीच सरल्यावर चाकराचे गाणे कोणी कोणासाठी म्हणावे?

महाराष्ट्रात चाकरी सरली नाही, केवळ धनी बदलला. आणि विचित्र गोष्ट अशी की साध्या शिपायाचे नाव प्रथम दगडावर चढले ते या परक्या धन्याच्या हातून. 1 जानेवारी 1818 च्या लढाईनंतर उभारलेल्या कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी महार शिपायांची नावे आहेत. पेशवाईतल्या कोणत्या शाहिराने ती आपल्या कवनात घेतली असती? पण नाव म्हणजे कविता नव्हे. गोऱ्या शिपायाला त्याच्याच बोलीत बोलायला लावणारी किपलिंगची बराकीतली कवने 1892 साली ग्रंथरूपाने निघाली. आमच्याकडे 1891 मध्ये अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाडे संग्रहित केले, ते ऐतिहासिक स्त्रीपुरुषांचे. बराकीतल्या काळ्या शिपायाला तोंड फुटले नाही. ते काम घरी बायांनी केले. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जमवलेल्या लाखावर ओव्यांत पलटणीत गेलेला भाऊ किंवा लेक येतो तो पराक्रमासाठी नव्हे, तो घरात नाही म्हणून येतो. आणि माझ्या मते मराठीत शिपाई माणूस म्हणून दिसला तो येथेच, जात्याशी, शिकलेल्या कवींच्या कितीतरी आधी. पहिल्या महायुद्धात साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावाचे 46 जण कामी आले. आणि बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अंमलदारांची नावे कोरली गेली, साध्या शिपायांचा मात्र पलटणवार आकडाच.

तंजावरच्या राजवाड्याचे मोडी दफ्तर शाबूत आहे. तमिळ विद्यापीठाने त्यातील काही कागद तमिळमध्ये उतरवून छापले आहेत; मराठी वाचकांनी त्यांकडे फारसे लक्ष दिलेले नाही. शिलालेखाने आणि शाहिराने वगळलेला चाकर सापडला तर जमाखर्चाच्या आणि मुशाहिऱ्याच्या अशाच कागदांत सापडेल. ज्यांना मोडी येते, त्यांनी ते कागद वाचायला घ्यावेत.