नऊ ओळींचा तारा

कला म्हणजे काय, या प्रश्नावर गोरेगावच्या गुरुविद्यालयात असताना आम्ही रात्री उशिरापर्यंत वाद घालत असू. त्या वयात अशा वादांची काही किंमत मोजावी लागत नाही. पुढे धर्मग्रामात काम करू लागल्यावर तोच प्रश्न एखाद्या मुलाच्या रूपाने दारात येऊन उभा राहतो आणि त्याचे उत्तर चारचौघांत, तेही लगेच, द्यावे लागते. मी दिलेले उत्तर चुकले असे आज मला वाटते. किती चुकले, हे मात्र अजून ठरत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या नाताळात आमच्या गोवंडीत धर्मग्रामातील कुटुंबांसाठी देखाव्यांची स्पर्धा ठेवली होती. परीक्षक तिघे, त्यांत मुख्य मी. गोवंडी-देवनारच्या भंगारात काय मिळत नाही हे येथील माणसांना सांगायला नको. एका कुटुंबाने जुन्या टेबलफॅनच्या जाळीचे प्रभामंडळ केले होते, दुसऱ्याने पावडरच्या डब्यांचे पत्रे कापून मेंढरे उभी केली होती. आठ-आठ दिवस घरातली सगळी माणसे खपली होती. अशा देखाव्यांच्या रांगेत एक सोळा वर्षांचा मुलगा हातात फक्त मोबाईल घेऊन उभा होता. मोबाईलची काच एका कोपऱ्यात तडकलेली होती. त्याने बोट लावले आणि काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके विखुरले. ते हळूहळू फिरू लागले, एकमेकांना रेघांनी जोडले गेले आणि पाहता पाहता त्यांतून एक तारा तयार झाला. क्षणभर थांबून तो विरला, पुन्हा ठिपके, पुन्हा तारा. पण पहिल्यासारखा नव्हे. दर वेळी निराळा.

“हे कुणी काढले?” मी विचारले.

“मीच, फादर. नऊ ओळींचा प्रोग्राम आहे.” त्याने त्या नऊ ओळी दाखवल्या. मला त्यांतले काही कळले नाही.

मी त्याची पाठ थोपटली आणि त्याला स्पर्धेतून बाद केले. कारण सांगितले ते असे : हा तारा यंत्राने काढला आहे, आणि नऊ ओळी म्हणजे काही मेहनत नव्हे. लोकांनी माना डोलावल्या. मुलगा “हो फादर” म्हणाला आणि मोबाईल खिशात घालून निघून गेला.

त्यानंतर कित्येक महिन्यांनी मला समजले की तो मुलगा जे करत होता त्याची जगात रीतसर परंपरा आहे. थोड्या अक्षरांत चित्र घडवण्याच्या स्पर्धा भरतात. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या ऱ्हायझोम या कलासंस्थेने ओपनप्रोसेसिंगच्या सहकार्याने अशी एक स्पर्धा घेतली, तिची अट होती : संपूर्ण प्रोग्राम २०० अक्षरांच्या आत बसला पाहिजे. त्यासाठी वापरायची ‘प्रोसेसिंग’ ही संगणकभाषा केसी रीस आणि बेन फ्राय या दोघांनी २००१ मध्ये चित्रकारांना सोयीची पडावी म्हणूनच सुरू केली होती. ड्विटर नावाच्या ठिकाणी तर मर्यादा १४० अक्षरांची आहे. युरोपात अशा चिमुकल्या प्रोग्रामांतून चित्र आणि संगीत उभे करणाऱ्या तरुणांची ‘डेमोसीन’ ही चळवळ अनेक दशकांची आहे. फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये तिची नोंद आपापल्या देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. मी ज्याला ‘मेहनत नव्हे’ म्हटले, ते दोन देशांनी वारसा म्हणून जपायला घेतले होते.

पण यादीत नाव आले म्हणून एखादी गोष्ट कला ठरत नाही. म्हणून आधी ती काय आहे हे पाहिले पाहिजे. संगणक न वापरता ते पाहता येते, आणि मी धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना घेऊन ते पाहिलेही. गणिताची चौकटीची वही घ्या. एक नाणे घ्या. पहिल्या चौकोनासाठी नाणे उडवा. छापा पडला तर चौकोनात चढती तिरकी रेघ मारा, काटा पडला तर उतरती. मग दुसरा चौकोन, तिसरा, असे पान भरेपर्यंत. पहिल्या दोन-तीन ओळींत नुसता गोंधळ दिसतो. पंधराव्या ओळीपर्यंत मुले ओरडू लागतात, कारण पानावर गल्ल्या उमटलेल्या असतात, बंद होणाऱ्या आणि वळणे घेत दूर जाणाऱ्या. एका मुलीने तर “फादर, ही आमची गल्ली,” म्हणून बोट ठेवले. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर हाच खेळ एका ओळीच्या प्रोग्रामने चालत असे. त्या एका ओळीवर दहा लेखकांनी मिळून एक अख्खे पुस्तक लिहिले आणि ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता प्रश्न असा की ती भूलभुलैया कोणी काढली? नाण्याने? रेघा मारणाऱ्या मुलांनी? की ‘चढती किंवा उतरती, तिसरी नाही’ असे प्रथम ठरवणाऱ्याने?

आपल्या शेजारणींच्या अंगणात याचे अर्धे उत्तर रोज सकाळी पडलेले असते. ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई आधी ठिपके मांडते, मग एक नियम धरून ते जोडत जाते. नियम लहान, नक्षी मोठी. ताम्बरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील प्राध्यापक गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि त्यांच्या सहकारी कमला कृतिवासन यांनी तमिळ बायकांच्या अशाच कोलमचा अभ्यास करून १९७४ मध्ये दाखवून दिले की त्या नक्षींना व्याकरण आहे, आणि ते संगणकाला समजेल अशा नियमांत मांडता येते. उंबऱ्याशी वाकून बसणाऱ्या त्या निरक्षर आजीबाईला आपण कधी म्हणालो नाही की ही रांगोळी तुझी नव्हे, नियमाची आहे.

मात्र नियम करणारा सर्वच घडवतो असेही नाही. देवळालीच्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर गुरुजी आपल्यातील काही ज्येष्ठांना ठाऊक असतील. त्यांचा नियमही एका ओळीचा आहे. सगळे अंक सारखे नाहीत असा कोणताही चार अंकी आकडा घ्या. त्याचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाचा आकडा वजा करा. उत्तराशी पुन्हा तेच करा. २०२४ घेतले तर ४२२० वजा ०२२४ म्हणजे ३९९६, पुढे ६२६४, मग ४१७६, आणि मग ६१७४. त्यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ हलत नाही. कोठूनही निघा, सात पायऱ्यांच्या आत तेथेच पोचता. हा ६१७४ कापरेकरांनी घडवला काय? नाही, तो त्यांना सापडला. पण वहीत वर्षानुवर्षे आकडे उलटेपालटे करत बसल्याशिवाय तो कोणालाही सापडत नव्हता. थोड्या अक्षरांच्या स्पर्धेत उतरणारेही असेच करतात. एक आकडा बदलून पाहतात, एक चिन्ह काढून पाहतात, आणि शंभरदा निराशा झाल्यावर पडद्यावर काहीतरी उमलते. ते त्यांनी निम्मे घडवलेले असते आणि निम्मे त्यांना लाभलेले असते.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९९ च्या ईस्टरला कलावंतांना उद्देशून जे पत्र लिहिले त्यात निर्माता आणि कारागीर यांतील भेद सांगितला आहे. शून्यातून अस्तित्व देणारा तो निर्माता. जे आधीच आहे त्याला आकार आणि अर्थ देणारा तो कारागीर. माणूस दुसऱ्या प्रकारचा आहे. हे एकदा मान्य केले की नाणे, यंत्र, ठिपके यांनी केलेली मदत लपवण्याचे कारण उरत नाही. कुंभार चाकाला लाजत नाही.

येथे कोणी विचारील की मग आज एक वाक्य बोलताच चित्र काढून देणारी जी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आली आहेत, तेथेही अक्षरे थोडीच लागतात, भेद काय? भेद जाब देण्याचा आहे. त्या मुलाच्या नऊ ओळींतील कोणतेही चिन्ह दाखवून ‘हे का?’ असे विचारा, तो सांगेल. पुसून पाहा, काय बिघडते तेही दिसेल. त्या दुसऱ्या यंत्राने मेंढपाळाच्या हाताला सहा बोटे का दिली, याचे उत्तर वाक्य बोलणाऱ्याजवळ नसते आणि यंत्र बांधणाऱ्यांनाही ते नेमके सांगता येत नाही. ज्याचा जाब देता येतो ते माझे.

तेव्हा ‘यंत्राने काढला’ हे माझे पहिले कारण टिकत नाही. दुसरे, मेहनतीचे, त्याहून वाईट आहे, कारण ते माझ्याच शिक्षणाच्या विरुद्ध आहे. संत थॉमस अक्विनास कलेला घडवण्याच्या गोष्टींविषयीचा योग्य विवेक म्हणतात, आणि पुढे स्पष्ट करतात की कारागिराची स्तुती त्याने कोणत्या इच्छेने काम केले यावरून होत नाही, काम कसे झाले यावरून होते. परीक्षेत मी हे उत्तर लिहून गुण मिळवले होते. देखाव्यापुढे उभा राहिलो तेव्हा मात्र कपाळावरचा घाम मोजत बसलो. शिवाय घामही मला दिसला तेवढाच मोजला. पेंढा रचण्याची मेहनत दिसते. गाळून टाकण्याची मेहनत दिसत नाही, कारण जे गाळले ते समोर नसतेच. रविवारच्या प्रवचनाचे मला हेच होते. वेळ मिळाला नाही की प्रवचन वीस मिनिटांचे होते. आठ मिनिटांचे करायला शनिवारची संध्याकाळ जाते. भाविकांना हा हिशेब उलटा वाटतो.

येथे थांबता आले असते तर बरे झाले असते. पण मागाहून मी त्या मुलाला बोलावून घेतले आणि विचारले, “इतके आखूड का लिहिलेस?”

तो म्हणाला, “फादर, पहिल्यांदा चाळीस ओळी होत्या. कापत कापत नऊवर आणल्या. कापायला मजा येते.” मग थोडे थांबून म्हणाला, “आणि मोबाईलवर एवढ्याच दिसतात. वर-खाली करायला लागलो की मी विसरतो. आमच्याकडे कॉम्प्युटर नाही ना.”

या दोन वाक्यांत किती अंतर आहे! आपल्या भाषेत उपवास आणि उपासमार हे दोन शब्द अगदी शेजारी राहतात. पोट दोन्हींत रिकामेच असते. पण उपवास करणाऱ्याच्या घरात धान्य असते आणि तो ते बाजूला ठेवतो. उपासमारीत बाजूला ठेवायला काही नसते. न्यूयॉर्कच्या स्पर्धेतील २०० अक्षरांची मर्यादा हा उपवास आहे. गोवंडीतल्या तडकलेल्या काचेची मर्यादा काय आहे? तिला मी ‘साधनशुचिता’, ‘साधेपणातील सौंदर्य’ अशी नावे दिली, तर उद्या मला दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या सात माणसांनाही साधेपणाबद्दल शाबासकी द्यावी लागेल. असे गोड बोलण्याची सवय आम्हा धर्मगुरूंना लवकर लागते.

तरीही दोन्ही मर्यादा एकाच कृतीत नांदू शकतात, हे मराठी ख्रिस्ती वाचकाला तरी नवे वाटू नये. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण ओवीत रचले. तीन यमकबद्ध चरण आणि चौथा आखूड, ही मर्यादा त्यांनी आपणहून पत्करली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांपर्यंत निभावली. पण १६१६ मध्ये राशोलला तो ग्रंथ छापायची वेळ आली तेव्हा मराठी अक्षरांचे खिळेच नव्हते, म्हणून मराठी पुराण रोमी लिपीत छापावे लागले. ओवी हा उपवास होता; रोमी लिपी ही उपासमार. ग्रंथ मात्र एकच आहे, आणि खिळे नसणे ही चांगली गोष्ट होती असे आजवर कोणी म्हटलेले माझ्या वाचनात नाही.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. नऊ ओळी नऊच असतात कारण त्यांच्याखाली दुसऱ्यांनी लिहिलेल्या लाखो ओळी निमूटपणे काम करत असतात. रांगोळी नेटकी दिसते तेव्हा अंगण कोणीतरी आधी झाडलेले असते. याबद्दल त्या मुलाला विचारले तर तो म्हणाला, “हो फादर, ते फुकट देतात सगळे.” त्याच्या आवाजात कृतज्ञता होती, आणि त्या न पाहिलेल्या माणसांशी एक नातेही होते, जे माझ्या परीक्षक मंडळाशी जुळले नव्हते.

या वर्षीच्या बैठकीत मी दोन गोष्टी सुचवल्या. एक, प्रत्येक देखाव्याबरोबर करून टाकून दिलेले नमुनेही आणावेत. दुसरी, सभागृहात एक संगणक ठेवावा आणि तो शाळेनंतर मुलांना उघडा असावा. पहिल्या सूचनेवर एका बाईंनी विचारले, “फादर, उरलेला पेंढा पण आणायचा का?” सगळे हसले. दुसऱ्या सूचनेवर कोणी हसले नाही. खजिनदारांनी वीजबिल कोण भरणार ते विचारले आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे, कॉलेजात जातो. यंदा स्पर्धेत उतरशील का, असे मी त्याला विचारून पाहिले. नाही म्हणाला. परीक्षक म्हणून बोलावले तर येईन, म्हणतो.