पुरणपोळीचं प्रायश्चित्त

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच अमेरिकेत थँक्सगिव्हिंग येतं. त्या गुरुवारी सकाळी गावोगावी ‘टर्की ट्रॉट’ नावाची शर्यत असते. सकाळी पाच-आठ किलोमीटर धावायचं आणि दुपारी निर्धास्त जेवायचं. आपल्यापैकीही अनेक जण आता त्यात धावतात. गौरी-गणपतीच्या जेवणात दुसरी पुरणपोळी ताटात पडताना तोच हिशेब मराठीत ऐकू येतो: “वाढा, उद्या ट्रेडमिलवर काढतो.” हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. वरवर ते मोठं जबाबदारीचं वाटतं. खाल्लं, किंमत मोजली, खातं मिटलं. पण हे खातं आहे कोणाकडे?

आधी गणितच तपासू. ढोबळ नियम असा, की धावताना दर किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक कॅलरी खर्च होते. म्हणजे ७० किलोच्या माणसाला एका किलोमीटरला ७० कॅलरी. तुपासकट एक पुरणपोळी ३०० कॅलरींची धरली, तर तिच्यासाठी सव्वाचार किलोमीटर धावावं लागेल. कटाची आमटी, भजी आणि मसालेभात तुम्हीच मिळवा. शिवाय त्या ७० मधल्या काही कॅलरी तुम्ही नुसते बसून असतात तरी खर्च झाल्याच असत्या. २०१२ साली हर्मन पॉन्टझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिकार आणि कंदमुळांसाठी रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या या लोकांचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च, शरीराचा आकार लक्षात घेतला, तर पाश्चात्त्य देशांतल्या बैठ्या लोकांइतकाच निघाला. शरीर एकीकडचा वाढीव खर्च दुसरीकडे काटकसर करून भरून काढत असावं, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे आपण ज्या दरानं फेड करतो आहोत असं मानतो, तो दर शरीराला मान्यच नाही.

तरीही हा हिशेब आपल्याला आवडतो, कारण तो परवानगी देतो. बेन्वा मोनँ आणि डेल मिलर या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली प्रयोगांतून दाखवलं, की आपण पूर्वग्रहमुक्त आहोत हे सिद्ध करण्याची संधी आधी मिळाली, की त्यानंतर माणसं पूर्वग्रहाचं मत द्यायला कमी कचरतात. चांगुलपणा जमा झाला, की तो खर्च करावासा वाटतो. आपल्या आज्यांना यासाठी प्रयोगशाळा लागली नाही. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असं त्या सरळ म्हणत. नवीन एवढंच आहे, की आता आपण एकादशीही उद्यावर ढकलतो आणि दुप्पट आजच खातो.

इथे एक आक्षेप रास्त आहे. मधुमेहाचा धोका दक्षिण आशियाई लोकांना तुलनेनं कमी वजनावरही असतो. मग ज्याला हिशेबामुळे का होईना चालावंसं वाटतं, त्याला का अडवा? अडवू नकाच. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, पण त्यात काल काय खाल्लं हे विचारत नाही. हृदय, झोप आणि मन यांना मिळणारा फायदा पोळी न खाणाऱ्यालाही तेवढाच मिळतो. आणि नेमकी हीच गोष्ट हिशेबात हरवते. व्यायाम शिक्षा झाला, की ज्या दिवशी गुन्हा नाही त्या दिवशी त्याचं कारणही उरत नाही.

संयम ही वेगळी गोष्ट आहे. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, की दहा माप अन्न फार आणि दोन माप थोडं असलं, तरी तालीम देणारा सरसकट सहा माप सांगत नाही. मायलो पहिलवानाला तेवढं कमी पडेल आणि नवशिक्याला जास्त होईल. योग्य प्रमाण बेरीज-वजाबाकीतून निघत नाही, ते माणूस पाहून ठरतं. संयम घास घेण्याआधी विचारतो, “मला हे हवं आहे का?” प्रायश्चित्ताचा हिशेब हा प्रश्न कधी विचारतच नाही, फक्त बिल मागवतो.

आता पुन्हा त्या खात्याकडे. पुरण शिजवून, वाटून, सुट्टीचा अख्खा दिवस घालवून कोणीतरी ती पोळी लाटलेली असते. देणं असलंच तर ते तिचं किंवा त्याचं आहे, आणि ते ट्रेडमिलवर फिटत नाही. पंगतीत आणखी कोणी ऐकत असेल तर ती इथे जन्मलेली आपली मुलं. त्यांच्यापर्यंत मराठी बरीचशी ताटातूनच पोचते. वर्षातून दोनदा पुरणपोळी खाणाऱ्या मुलीनं दर वेळी ती ‘पाप’ म्हणून ऐकली, तर ती काय शिकेल? आपलं खाणं म्हणजे काहीतरी चुकीचं, आणि आपलं शरीर म्हणजे कायमची थकबाकी. आपण विनोद केलेला असतो, पण तिला तो विनोद वाटतोच असं नाही.

खाणं आणि चालणं एकत्र नांदवणारा शब्द आपल्याकडे आहे: शतपावली. जेवणानंतर थोडं चालल्यानं रक्तातली साखर कमी चढते, हे आता वैद्यकशास्त्रही सांगतं. पण शतपावली कोणी पोळीची भरपाई म्हणून घालत नाही. ती जेवणाचाच शेवटचा भाग असते, आणि गप्पा मारत घालायची असते. टर्की ट्रॉटही बफलो शहरात १८९६ साली सहा धावपटूंनिशी सुरू झाली. लुलू हंट पीटर्स या डॉक्टरबाईंच्या पुस्तकानं अमेरिकन घरांना कॅलरी मोजायला शिकवलं ते १९१८ साली. त्यामुळे ते सहा जण निदान कॅलरी फेडायला धावत नव्हते.

तेव्हा पुढच्या पंगतीत दुसरी पोळी हवी असेल तर नुसतं “वाढा” म्हणा. नको असेल तर “पुरे, पण फार छान झाली आहे” म्हणा. आणि जेवण झाल्यावर कोट-टोप्या चढवून मुलांना, यजमानांना बरोबर घ्या आणि कोपऱ्यापर्यंत चालून या.